करार नाही, म्हणून दुकान नाही

कराचीच्या एखाद्या व्यापाऱ्याला अमेरिकेत जाऊन छापखाना, बेकरी अगर उपाहारगृह काढावेसे वाटले, तर तो त्यासाठी असलेल्या खास व्हिसासाठी अमेरिकन वकिलातीकडे अर्ज करू शकतो. ढाक्याचा व्यापारी करू शकतो, कोलंबोचाही करू शकतो. पुण्याच्या, नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला मात्र तो अर्ज करता येत नाही. त्याच्यापाशी भांडवल कमी आहे म्हणून नव्हे, त्याची लायकी कमी आहे म्हणून नव्हे, किंवा त्याच्याविषयी कोणाला संशय आहे म्हणूनही नव्हे. त्याचा अर्ज नाकारला जातो असे म्हणणेसुद्धा बरोबर होणार नाही. कारण नाकारण्यासाठी अर्ज आधी घ्यावा लागतो. भारत व अमेरिका यांच्यामध्ये व्यापार व नौकानयनविषयक मैत्रीचा करार नाही, आणि असा करार नसलेल्या देशाचा नागरिक या दारापाशी उभाच राहू शकत नाही. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली, दोन्ही देशांच्या नेत्यांनी एकमेकांना किती वेळा आलिंगने दिली याची गणती राहिली नाही. पण हा कागद काही झाला नाही.

हा व्हिसा ई-२ या नावाने ओळखला जातो. आपल्या सुशिक्षित घरांतून एच-१बी हा शब्द आता पोराबाळांच्याही तोंडी असतो. ई-२ चे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, कारण जे आपल्यासाठी नाहीच त्याची चर्चा कोण करील? त्याचे मूळ जुने आहे. करारबद्ध देशांतील व्यापाऱ्यांना अमेरिकेत राहून व्यापार करू द्यावा ही तरतूद १९२४ च्या कायद्यात होती. १९५२ साली अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून मॅकॅरन-वॉल्टर कायदा संमत झाला, तेव्हा व्यापाऱ्यांच्या जोडीला भांडवल गुंतवून उद्योग चालविणाऱ्यांचाही समावेश त्यात करण्यात आला. ज्या कायद्याने भारतीयांसाठी वर्षाला केवळ १०० जणांचा वाटा कायम ठेवला, त्याच कायद्याने हे दुसरे दारही उघडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मात्र त्या दाराची किल्ली देशादेशांमधील करारात ठेवली गेली.

या व्हिसाची रचना समजून घेतली म्हणजे तो लहान माणसाच्या किती उपयोगाचा आहे हे ध्यानात येते. किती पैसा गुंतवावयाचा याचा ठराविक आकडा कायद्यात नाही. रक्कम 'भरीव' असली पाहिजे एवढीच अट आहे, आणि भरीव म्हणजे काय हे धंद्याच्या स्वरूपावरून ठरते. लहान धंद्याला लागणारे बहुतेक सारे भांडवल स्वतः घातले, तर ती रक्कम थोडी असूनही भरीव ठरू शकते. उलट मोठ्या कारखान्यात लाखो डॉलर घालूनही ते अपुरे मानले जाण्याचा संभव असतो. पैसा बँकेत पडून असून चालत नाही, तो धंद्यात घातलेला आणि बुडण्याचा धोका पत्करलेला असावा लागतो. धंद्यातील निम्मी तरी मालकी करारबद्ध देशाच्या नागरिकांची हवी. धंदा केवळ मालकाच्या कुटुंबाचे पोट भरण्यापुरता असून भागत नाही. त्यातून काही अधिक निर्माण होण्याची शक्यता दिसावी लागते. आणि धंदा चालविण्यासाठी मालकाने स्वतः तेथे असले पाहिजे. एका वेळी दोन वर्षांचा मुक्काम मिळतो आणि धंदा चालू असेतो तो कितीही वेळा वाढवून घेता येतो. पत्नीला वा पतीला नोकरी करण्याची मोकळीक असते.

याचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. हा कायम वास्तव्याचा परवाना नव्हे. वीस वर्षे धंदा केला तरी त्याच्या बळावर तेथील नागरिकत्व मिळत नाही. मुलाला एकवीस वर्षे पूर्ण झाली की बापाच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही. त्याने आपला मार्ग स्वतंत्रपणे शोधावा किंवा परत जावे. धंदा बुडाला की मुक्कामही संपला. पण यांतील पहिला दोष खरोखरच दोष आहे काय? ज्याला धंदा तेथे करावयाचा आहे पण आपला देश सोडावयाचा नाही, त्याच्यासाठी याहून नेमकी सोय कोणती? तो मालक म्हणून जातो, भारतीय म्हणून राहतो आणि मनात येईल तेव्हा दुकान विकून परत येतो.

आता ही सोय कोणाला आहे ते पाहू. जपानला १९५३ पासून आहे. पाकिस्तानचा करार १९५९ साली झाला आणि १९६१ च्या फेब्रुवारीपासून अमलात आला. बांगलादेशला १९८९ साली, श्रीलंकेला १९९३ साली ही सवलत मिळाली. इराणचीही होती, अमेरिकेने २०१८ मध्ये इराणशी असलेला मैत्रीचा तह मोडण्याचे जाहीर केले, त्यानंतर ती गेली. म्हणजे १९७९ साली तेहरानमधील अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली गेल्यानंतरही जवळजवळ चाळीस वर्षे इराणी नागरिकाला जो हक्क होता, तो भारतीयाला एक दिवसही मिळालेला नाही.

या स्थितीचा सारा दोष वॉशिंग्टनच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. ते न्यायाचे होणार नाही. असे करार परस्परांचे असतात. आपल्या माणसाला तेथे दुकान काढू द्यावयाचे, तर त्यांच्या माणसाला येथे काढू द्यावे लागते. व्यापारी म्हणून आलेली एक कंपनी राज्यकर्ती कशी होऊन बसली याचा अनुभव ज्या देशाने घेतला, त्याने १९४७ नंतर असे दार सताड उघडावयास कचरावे यात नवल नव्हते. एप्रिल १९४८ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावाने परकीय भांडवल आले तरी मालकी व नियंत्रण सामान्यतः भारतीयांच्या हाती राहावे असे सांगितले. पुढच्याच वर्षी पंडित नेहरूंनी परकी भांडवलदारांना न्याय्य वागणुकीचे आश्वासन दिले खरे, पण सावधपणाचा सूर कायम राहिला. १९७३ च्या परकी चलनाच्या कायद्याने तो अधिक कडक झाला, आणि १९७७-७८ च्या सुमारास कोका-कोला व आयबीएम यांनी येथून गाशा गुंडाळला. त्या काळी हा करार झाला नाही, ते त्या काळाला धरून होते असे आमचे मत आहे. ज्या माणसाला परदेशी जाताना मूठभर डॉलरसुद्धा मोठ्या मिनतवारीने मिळत, त्याला अमेरिकेत भांडवल गुंतविण्याचा हक्क घेऊन करावयाचे काय होते?

परंतु १९९१ नंतर सारेच बदलले. आज बहुतेक उद्योगांत परकीयाला शंभर टक्के मालकी मिळू शकते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून चालताना अमेरिकन कॉफीची, अमेरिकन कोंबडीची आणि अमेरिकन पादत्राणांची दुकाने मोजावयास घेतली तर बोटे पुरत नाहीत. म्हणजे करारात जे द्यावे लागेल म्हणून आपण कचरत होतो, त्यातील पुष्कळसे आपण करार न करताच देऊन बसलो आहो! बाजारपेठेत माल आधी देऊन टाकणारा आणि किंमत नंतरही न मागणारा दुकानदार आपण पाहिला, तर त्याला काय म्हणू?

हा एक दरवाजा बंद असल्याने धंदेवाईक भारतीयाला कोणत्या खिडक्यांतून शिरावे लागते, ते पाहण्यासारखे आहे. येथे आधीच चालू असलेली कंपनी असेल आणि माणसाने तेथे निदान एक वर्ष वरच्या जागेवर काम केलेले असेल, तर एल-१ या व्हिसावर अमेरिकेत तिची शाखा काढता येते. पण नव्या शाखेला पहिल्यांदा एकच वर्ष मिळते, आणि तेवढ्या अवधीत ती व्यवस्थापकाला पोसण्याइतकी मोठी झाली हे दाखवावे लागते. नव्याने धंदा सुरू करू पाहणाऱ्या तरुणाला हा मार्ग नाही. एच-१बी हा मुळात नोकराचा व्हिसा. २०२५ च्या जानेवारीत अमलात आलेल्या नियमांनी स्वतःच्या कंपनीत नोकर म्हणून राहण्याची थोडी वाट मालकाला करून दिली. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात परदेशातून करावयाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घालणारा जाहीरनामा निघाला, तेव्हा त्या वाटेचे मोल काय उरले हे सांगावयास नको.

राहता राहिला ईबी-५. १९९० साली निघालेल्या या योजनेत आज किमान आठ लाख डॉलर गुंतवावे लागतात. जेथे मागास भागाची सवलत लागू नाही तेथे साडेदहा लाख. शिवाय दहा माणसांना काम मिळाले पाहिजे. हा पैसा भारतातून नेणाऱ्यासाठी रिझर्व बँकेची मर्यादा एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची आहे. म्हणजे आठ लाखांसाठी एकट्याने चार आर्थिक वर्षे थांबावे किंवा घरातील चार माणसांच्या नावे पैसा पाठवावा. त्यावर कर आगाऊ कापला जातो तो वेगळाच: २०२५ च्या एप्रिलपासून दहा लाख रुपयांवरील रकमेला तो वीस टक्के लागू झाला. तो पुढे आयकरात वळता होतो हे खरे, पण तोपर्यंत पैसा अडकतोच. अमेरिकन अधिकारी तर दर डॉलरचे कुळ विचारतात. हा पैसा कोठून आला? घर विकून. घर कोणाकडून, केव्हा, कितीला घेतले होते? येथे आमच्या मध्यमवर्गाची जी तारांबळ उडते तिचे कारण सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. ठाण्याचा वा दादरचा फ्लॅट विकताना किमतीचा एक भाग टेबलाखालून घेण्याची जी रीत आपण सभ्य घरांतही चालवून घेतली, तो भाग परदेशी अधिकाऱ्यापुढे मांडता येत नाही. कराची चोरी करून वाचविलेला पैसा अशा वेळी कवडीमोलाचा ठरतो, आणि तो ठरतो याबद्दल आम्हाला वाईट वाटत नाही.

ईबी-५ मध्ये गुंतविणारा माणूस पुष्कळदा धंदा करीतच नाही. तो कोणा मध्यस्थाच्या योजनेत पैसे घालतो आणि ग्रीन कार्डाची वाट पाहत बसतो. व्हरमाँट राज्यातील जे पीक या बर्फावरील क्रीडाकेंद्राच्या नावाने सत्तरांहून अधिक देशांतील लोकांचे पैसे गोळा झाले होते. २०१६ साली अमेरिकन सरकारने तेथील चालकांवर अफरातफरीचा खटला भरला, तेव्हा दूरच्या देशांत बसलेल्या गुंतवणूकदारांना आपल्या पैशांचे काय झाले ते कळले. उद्योजक होऊ इच्छिणाऱ्या माणसाला ही योजना सावकार करते, आणि तोही आंधळा सावकार.

आता सर्वांत विलक्षण वाट. कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडा नावाचे एक बेट आहे. नकाशावर ते शोधावयास सांगितले तर भूगोलात पहिला येणारा विद्यार्थीही चाचपडेल, हे आम्ही वर्गात शिकविण्याच्या अनुभवावरून सांगू शकतो. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. आपल्याकडील एखाद्या तालुक्याहूनही कमी. आपण श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ तेथे इतके पिकते की, त्यांनी ते आपल्या राष्ट्रध्वजावरच काढले आहे. या बेटाचा अमेरिकेशी करार १९८९ पासून आहे आणि २०१३ पासून हे बेट आपले नागरिकत्व पैसे घेऊन देते. २०२४ च्या जुलैपासून त्याची किंमत निदान २,३५,००० डॉलर झाली. तेव्हा युक्ती अशी की, भारतीयाने आधी ग्रेनाडाचे नागरिक व्हावे आणि मग ग्रेनाडाचा व्यापारी म्हणून न्यू जर्सीत किराण्याचे दुकान काढावे!

परंतु आपल्या १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व पत्करले, त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. न पाहिलेल्या बेटाचा नागरिक होण्यासाठी आईबापांच्या देशाचे नागरिकत्व सोडावयाचे, मतदानाचा हक्क सोडावयाचा, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क सोडावयाचा. आणि हे सारे कशासाठी? जी सोय लाहोरच्या माणसाला आपल्या स्वतःच्या पासपोर्टावर मिळते, तिच्यासाठी. भर म्हणून अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरात कायदा करून ही चोरवाटही अरुंद केली. पैसे देऊन नागरिकत्व घेतलेल्याने त्या देशात सलग तीन वर्षे वास्तव्य केलेले असल्याखेरीज आता त्याला ई-२ मागता येत नाही. परदेशी धंद्याची स्वप्ने विकणाऱ्या दलालाने या तीन वर्षांचा उल्लेख केला की नाही, ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२२ साली २,२५,६२०, २०२३ साली २,१६,२१९ आणि २०२४ साली २,०६,३७८ लोकांनी भारतीय नागरिकत्व सोडले. हे सगळे व्हिसाच्या अडचणीमुळे गेले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. बहुतेक जण तेथे वर्षानुवर्षे राहून स्थिरावलेले असणार. पण जी माणसे केवळ काम-धंद्याच्या सोयीसाठी पासपोर्ट बदलतात, त्यांची संख्या कमी करणे आपल्या हाती नाही काय? 'मुले परदेशी गेली, देशाला विसरली' म्हणून सभांतून उसासे टाकणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्यावे. ग्रीन कार्ड हा देश सोडण्याचा परवाना आहे. ई-२ हा देश न सोडता धंदा करण्याचा. आपण पहिल्याच्या रांगेत लाखो माणसे उभी केली आणि दुसऱ्यासाठी शब्दही टाकला नाही.

करार असला म्हणजे किती फरक पडतो याचे एक उदाहरण डोळे उघडणारे आहे. अमेरिका व हॉलंड यांच्यात १९५६ साली असाच मैत्रीचा तह झाला. त्याच्या आधारे आज एखादा अमेरिकन माणूस ॲम्स्टरडॅममध्ये केवळ ४,५०० युरो भांडवलावर स्वतःचा धंदा थाटून राहू शकतो. कोणा भारतीयाने तेच करावयाचे म्हटले, तर त्याचा धंदा डच अर्थव्यवस्थेच्या किती हिताचा आहे याची गुणांकनाने परीक्षा होते. उलट बाजूला जपानने २०२५ च्या ऑक्टोबरात धंद्याच्या व्हिसासाठी लागणारे भांडवल ५० लाख येनांवरून एकदम तीन कोटींवर नेले. इंग्लंडने दोन लाख पौंडांची जुनी योजना २०१९ मध्ये गुंडाळून नावीन्याचा दाखला मागावयास सुरुवात केली. एकतर्फी दिलेली सवलत देणारा केव्हाही काढून घेतो किंवा तिचा भाव वाढवितो. करारातली सवलत मोडावयाची तर करार मोडावा लागतो.

यावर असे विचारले जाईल की, सध्याच्या अमेरिकेत परदेशी माणसाविषयी जे वारे वाहत आहेत, त्यांत असली मागणी करण्याने काय साधणार? वारे अनुकूल नाहीत हे आम्ही जाणतो. पण ई-२ वाला कोणाची नोकरी घेत नाही. तो आपले पैसे घेऊन जातो आणि तेथल्या माणसांना कामाला ठेवतो. देवघेवीची भाषा बोलणाऱ्या राजकारण्याला हे समजावणे एच-१बी समजावण्यापेक्षा सोपे जावे. भारतीयांनी तेथे धंद्यात काय केले याचाही दाखला तयार आहे: अमेरिकेतील हॉटेलांपैकी सुमारे साठ टक्के हॉटेले आपल्या सभासदांची आहेत असे तेथील आशियाई अमेरिकन हॉटेलमालकांची संघटना सांगते, आणि त्यांतील मोठा भाग गुजराती कुटुंबांचा आहे. ही कुटुंबे मिळेल त्या वाटेने गेली, पडेल ते काम करीत पुढे आली. मराठी माणूस शिकला, परीक्षा उत्तीर्ण झाला, नोकरीच्या व्हिसावर गेला आणि नोकरीतच राहिला. हा दोष केवळ व्हिसाचा आहे असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण नोकरीखेरीज दुसरे दारच नसले म्हणजे नोकरीची सवय हाडीमांशी खिळते, हेही तितकेच खरे.

मार्ग कोणता? चिली व सिंगापूर यांना ही सवलत २००४ साली व्यापारकरारातून मिळाली. पुढे व्यापारकरारात व्हिसाचे विषय घालू नयेत असा अमेरिकन काँग्रेसचा कल झाला, म्हणून इस्रायलसाठी २०१२ मध्ये आणि न्यूझीलंडसाठी २०१८ मध्ये तिने वेगळे कायदे केले. यांतील इस्रायलची हकीकत आपल्या परराष्ट्र खात्याने बारकाईने वाचावी. कायदा झाला २०१२ मध्ये, पण पहिला अर्ज करता आला तो २०१९ च्या मे महिन्यात. कारण इस्रायलने अमेरिकन गुंतवणूकदारांसाठी तोलामोलाचा व्हिसा आपल्या देशात सुरू करीपर्यंत अमेरिकेने दार उघडले नाही.

भारतापाशी असा व्हिसा आहे काय? धंद्याची चाचपणी करावयास व तो उभारावयास येणाऱ्याला आपण बिझनेस व्हिसा देतो. २०१६ साली दीर्घ वास्तव्याची एक योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली. तिच्यात अठरा महिन्यांत दहा कोटी किंवा छत्तीस महिन्यांत पंचवीस कोटी रुपये आणावे आणि दर वर्षी वीस भारतीयांना काम द्यावे अशी अट घातली. पुण्यात पावाची भट्टी काढू इच्छिणाऱ्या अमेरिकन तरुणाला दहा कोटी रुपये मागणाऱ्या सरकारला, आपल्या तरुणाला तेथे लाखभर डॉलरवर दुकान मिळावे असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? लहान भांडवलाच्या, स्वतः धंदा चालविणाऱ्या परदेशी माणसासाठी दोन दोन वर्षांनी वाढविता येणारा व्हिसा निर्माण करणे हे गृहखात्याच्या अधिकारातले काम आहे. त्यासाठी वॉशिंग्टनची संमती लागत नाही, संसदेत बहुमताची खटपट करावी लागत नाही. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ सदस्य जातात. त्यांच्यापैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांना विचारावे की, असा व्हिसा काढण्याचा विचार आहे काय, असल्यास केव्हा. आणि परराष्ट्रमंत्र्यांना विचारावे की, अमेरिकेशी झालेल्या व्यापारविषयक बोलण्यांत ई-२ चा विषय आजवर किती वेळा निघाला.